उतारावरचा ऊर्जेचा हिशेब

१८ मार्च २०२३ रोजी अँडोरातल्या सोल्देऊ इथं स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटनं जायंट स्लॅलम, म्हणजे झेंड्यांमधून मोठी वळणं घेत उतरण्याची स्कीइंगची शर्यत जिंकली आणि त्या हंगामातले त्याचे गुण २०४२ झाले. अल्पाइन स्कीइंगच्या विश्वचषकात शर्यत जिंकणाऱ्याला १०० गुण मिळतात, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, असं करत तिसाव्याला १. ऑक्टोबर ते मार्च हे गुण साठत जातात. तोवर २००० पर्यंत एकच पुरुष पोचला होता: ऑस्ट्रियाचा हेरमान मायर, १९९९-२००० च्या हंगामात, बरोबर २०००. ओडरमाट तर स्लॅलम, म्हणजे सर्वांत छोट्या आणि जवळजवळच्या वळणांची शर्यत खेळतच नाही. डाउनहिल (सर्वांत वेगवान, कमी वळणांची), सुपर-जी (डाउनहिल आणि जायंट स्लॅलमच्या मधली) आणि जायंट स्लॅलम एवढ्यांतूनच त्यानं हे गुण मिळवले. त्यात १३ विजय होते.

हे कसं जमतं, याचं उत्तर मला ताकदीपेक्षा काटकसरीत दिसतं. सुरुवातीला काठ्यांनी दिलेला रेटा सोडला, तर स्कीपटूकडे इंजिन नसतं. त्याला वेग देतं ते गुरुत्वाकर्षण, आणि ते सगळ्यांना सारखंच देतं. मग फरक पडतो तो कोण किती कमी उधळतो यानं.

स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची लाउबरहॉर्न ही विश्वचषकातली सर्वांत लांब डाउनहिल. सुमारे साडेचार किलोमीटरची, वरून खाली हजार मीटरहून थोडी अधिक. एवढ्या उंचीवरून कसलाही अडथळा न होता घसरत आलो, तर पायथ्याशी वेग ताशी ५०० किलोमीटर भरेल. प्रत्यक्षात २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेनं तिथं ताशी १६१.९ किलोमीटर गाठले, आणि तोच विश्वचषकातला विक्रम ठरला. तेवढ्या वेगासाठी अवघ्या १०३ मीटर उंचीची ऊर्जा पुरते. बाकीची बहुतेक ऊर्जा हवेनं आणि बर्फानं खाल्लेली असते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० वरून १४० किलोमीटरवर गेलं की तो जवळपास दुप्पट होतो. म्हणून डाउनहिलचा खेळाडू सरळ उतारावर अंगाचं मुटकुळं करतो. तोल सावरायला एक हात बाहेर गेला, तरी त्याची किंमत घड्याळात दिसते. ताशी १४० च्या वेगात सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे ३९ सेंटीमीटर अंतर!

बर्फाची गोष्ट मला याहून मोहक वाटते. बोडन आणि ह्यूज या संशोधकांनी याच लाउबरहॉर्नच्या शेजारच्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीत प्रयोग केले आणि १९३९ मध्ये निष्कर्ष मांडले: घर्षणाच्या उष्णतेनं स्कीखाली बर्फ किंचित वितळतं आणि त्या पाण्याच्या पातळ थरामुळे घसरणं सोपं होतं. कडाक्याच्या थंडीत हा थर अपुरा पडतो. उलट ओल्या, उबदार बर्फावर पाणी जास्त होऊन स्कीचा तळ चिकटल्यासारखा ओढला जातो. त्यामुळे तळावरच्या बारीक रेघा आणि मेण रोजच्या बर्फाप्रमाणे बदलावे लागतात. ऑक्टोबरात ऑस्ट्रियातल्या सोल्डेनची हिमनदी, मार्चमध्ये सोल्देऊ आहे त्या पिरेनीज पर्वतातला वसंत. या साऱ्या काळात स्की घासून तयार करणाऱ्या तंत्रज्ञाचं काम मला खेळाडूच्या कामाइतकंच मोठं वाटतं.

खरी उधळपट्टी मात्र वळणांवर होते. स्की आडवी घसरली, बर्फाचा फवारा उडाला, की वेग गेलाच. स्कीच्या कडा कमानीसारख्या कापलेल्या असतात. पुरुषांच्या जायंट स्लॅलमच्या स्कीला त्या वक्राची त्रिज्या किमान ३० मीटर असावी असा नियम आहे. स्की कलती केली की ती वाकते, आणि कडेनं बर्फात बारीक चर पाडत वळते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ९० किलोमीटर वेग असेल, तर शरीरावर वजनाच्या सव्वादोन पटींहून अधिक भार येतो. तो पेलताना कड सुटू न देणं, हे ओडरमाटचं बलस्थान. सोल्देऊत त्यानं दुसऱ्या क्रमांकाला दोन सेकंदांहून अधिक अंतरानं मागे टाकलं. शतांशांवर निकाल लागणाऱ्या खेळात हे अंतर अफाट आहे.

तो हंगाम सरळ गेला नव्हता. स्वित्झर्लंड-इटली सीमेवरच्या त्सेरमाट-चेर्विनियाच्या ऑक्टोबरातल्या डाउनहिल बर्फाअभावी रद्द झाल्या, जानेवारीत जर्मनीतल्या गार्मिशच्या शर्यतीही. स्वतः ओडरमाटला ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलच्या उतारावर गुडघ्याला दुखापत झाली. काही दिवस विश्रांती घेऊन तो इटलीतल्या कोर्तिनाच्या शर्यतींना परतला आणि दोन्ही सुपर-जी जिंकला.

उधळपट्टी टाळून राखलेली ही ऊर्जा पडल्यावर कुठंतरी जावीच लागते. ताशी १४४ किलोमीटर वेगात स्कीपटूजवळ ८० मीटरवरून, म्हणजे साधारण पंचविसाव्या मजल्यावरून पडण्याइतकी ऊर्जा असते. त्या हंगामात डाउनहिलचा चषक जिंकणारा नॉर्वेचा आलेक्सांडर किल्डे जानेवारी २०२४ मध्ये लाउबरहॉर्नच्या शेवटाजवळ पडून जाळ्यात आदळला. खांदा निखळला, पोटरी खोल कापली गेली. २०२४-२५ पासून डाउनहिल आणि सुपर-जीसाठी अंगात घालायची, पडताना फुगून शरीराला वाचवणारी एअरबॅग सक्तीची झाली आहे. तिच्यातले संवेदक शरीराचा वेगबदल आणि फिरणं सतत मोजतात. उंच उडी कोणती आणि सावरता न येणारी पडझड कोणती, हे क्षणार्धात ओळखून त्यांना ती फुगवायची असते.