उपचारात्मक अध्यापन (वैद्यकीय शिक्षण)

वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा आरोग्यसेवेच्या अभ्यासक्रमांत एखाद्या विषयात नापास झालेल्या, किंवा नापास होण्याच्या बेतात असलेल्या विद्यार्थ्याचे नेमके कुठे अडले आहे हे शोधून त्यानुसार दिलेले जादा शिक्षण. झालेलीच व्याख्याने पुन्हा ऐकवणे यात मोडत नाही. बऱ्याच महाविद्यालयांत मात्र ‘रेमेडियल’ या नावाखाली तेवढेच चालते. या नोंदीत प्रामुख्याने महाराष्ट्रातील एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा विचार केला आहे, कारण या वर्षातले अपयश विद्यार्थ्याला सर्वांत महाग पडते.

नियमांची चौकट. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा 1998 मध्ये स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. अभ्यासक्रमाचे आणि उत्तीर्णतेचे नियम मात्र देशपातळीवर ठरतात. 2020 पासून हे काम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहे. पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन मुख्य विषय असतात. ते उत्तीर्ण होण्यासाठी फक्त चार संधी मिळतात, आणि तिन्ही विषय सुटल्याशिवाय दुसऱ्या वर्षात पाऊल ठेवता येत नाही. कोविडच्या काळात, 2020-21 मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीला आयोगाने अपवाद म्हणून एक जादा संधी दिली होती. विद्यापीठाच्या परीक्षेला बसण्यासाठी थिअरीच्या तासांना 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी लागते. शिवाय अंतर्गत मूल्यमापनात किमान गुण मिळवावे लागतात. यात कमी पडलेला विद्यार्थी परीक्षेआधीच ‘डिटेन’ होतो, म्हणजे त्याला परीक्षेला बसू दिले जात नाही.

मुख्य परीक्षेत नापास झालेल्यांसाठी पूरक परीक्षा असते, विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘सप्ली’. पूर्वी सहा महिने मागे पडलेल्यांची वेगळी तुकडी चाले. कॉलेजांत तिला ‘ऑड बॅच’ म्हणत. 2019 मध्ये क्षमताधिष्ठित (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर बेतलेला) अभ्यासक्रम आला आणि अशा तुकड्यांना जागा उरली नाही. सप्लीत पास झालेला विद्यार्थी आपल्याच वर्गमित्रांत परततो, नापास झालेला पुढच्या वर्षीच्या नव्या तुकडीत जाऊन बसतो. 2023 च्या नियमावलीनुसार पूरक परीक्षा मुख्य निकालानंतर तीन ते सहा आठवड्यांत उरकायची असते. वर्ष वाया जाऊ नये हा यामागचा हेतू रास्तच आहे. पण वर्षभर साचलेली अडचण ओळखून दुरुस्त करायला एवढा वेळ पुरत नाही. म्हणून खरे काम निकालानंतर सुरू करून चालत नाही. पहिल्या अंतर्गत चाचणीचे पेपर हातात पडले की त्याच आठवड्यात ते सुरू व्हायला हवे. अंतर्गत चाचण्यांचा खरा उपयोग हाच आहे, गुण भरून विद्यापीठाला पाठवणे हा नव्हे.

अपयशाची कारणे. एमबीबीएसला आलेला प्रत्येक जण नीटसारख्या चुरशीच्या परीक्षेतून पार पडलेला असतो. तो नापास झाला की ‘अभ्यास केला नाही’ असे म्हणून विषय संपवणे सोपे जाते. पण नीटमध्ये चारांतून एक पर्याय निवडायचा असतो. इथे पानभर उत्तर लिहायचे, आकृती काढायची आणि परीक्षकासमोर तोंडी बोलायचे असते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींना विषय समजलेला असतो, पण तोंडीत इंग्रजी वाक्य जुळवता जुळवता वेळ संपतो. कोणाला पहिल्यांदाच घर सोडून हॉस्टेलवर राहावे लागलेले असते, कोणाचे आजारपण असते, कोणाच्या घरची आर्थिक घडी विस्कटलेली असते. काही जण दिवसाचे बारा तास वाचतात आणि तरी नापास होतात. त्यांची वाचण्याची रीतच तपासावी लागते.

शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत परीक्षक मांडीचे हाड, म्हणजे फीमर, हातात देतो आणि ‘कोणत्या बाजूचे?’ एवढेच विचारतो. हाडाचा गोल माथा वर आणि आतल्या बाजूला, मागच्या अंगाला खरखरीत उभी कड, हे सूत्र विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. पण त्याने ते चित्रावरून पाठ केलेले असते. हाड हातात आले की माथा कुठे धरायचा इथेच तो गोंधळतो. अशा विद्यार्थ्याला पुस्तकातला तोच धडा पुन्हा वाचायला लावून काही साधत नाही. जोडीदार समोर बसवून रोज चार हाडे हातात घ्यायची, आपल्या अंगाला लावून बघायची आणि मोठ्याने बोलायचे. थोड्याच दिवसांत फरक दिसतो.

निदानाची पद्धत. हे काम कसे चालते ते नर्सिंगमधल्या एका साध्या गणितावरून चांगले कळते. 500 मिली सलाइन 4 तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून (सलाइनच्या नळीतून) 1 मिलीत 20 थेंब पडतात. तर दर मिनिटाला किती थेंब ठेवायचे? 500 गुणिले 20 भागिले 240, म्हणजे सुमारे 42. एका विद्यार्थिनीचे उत्तर 2500 येते: तिने तासांची मिनिटे केलेली नाहीत. दुसरीचे 125 येते: तिने 1 मिलीत 60 थेंब पडणारा मायक्रो सेट गृहीत धरला आहे. तिसरीची मांडणी अचूक असते, भागाकार चुकतो. गुणपत्रिकेवर तिघींना सारखेच शून्य. पण पहिलीला एककांचा सराव हवा, दुसरीला वॉर्डात नेऊन दोन्ही सेट शेजारी शेजारी दाखवायला हवेत आणि तिसरीकडून शाळेतली आकडेमोड पुन्हा घोटून घ्यायला हवी. तिघींना एका वर्गात बसवून सूत्र पुन्हा फळ्यावर लिहिले, तर तिघींचाही वेळ वाया जातो. म्हणून शिक्षकाने तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्यासोबत बसून ओळ न् ओळ वाचणे ही या अध्यापनाची पहिली पायरी. ती वेळखाऊ आहे. तरीही ती वगळली की पुढचे सगळे अंदाजपंचे ठरते.

या विषयावरचे संशोधन तुलनेने तोकडे आहे. संशोधक कॅरेन हॉवर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये आढावा घेऊन चार टप्पे सुचवले: उणीव उघड करणारे मूल्यमापन, तिचे निदान, त्या विद्यार्थ्यापुरते आखलेले शिक्षण (नेमका सराव, अभिप्राय, स्वतःच्या कामाचे परीक्षण) आणि शेवटी पुन्हा मूल्यमापन. जेनिफर क्लीलंड आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या आढाव्यात असे दिसले की बहुतेक उपक्रमांचे लक्ष विद्यार्थ्याला पुढची परीक्षा पार करून देण्यावर असते. ती सुधारणा पुढे टिकते का, हे क्वचितच पाहिले जाते.

अभ्यासाच्या रीतीबद्दल मात्र भक्कम पुरावा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने वाचून झाल्यावर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारा गट पुढे होता; आठवड्याने आठवून लिहिणारा गट पुढे गेला. ‘वाचताना सगळं येतं, पेपरात आठवत नाही’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला हाच प्रयोग समजावून सांगावा. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढणे, दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच भाग स्वतःला विचारणे, गटात एकमेकांची तोंडी घेणे या सवयींना खर्च शून्य येतो. हायलायटरने रंगवलेल्या पुस्तकाचा फारसा फायदा होत नाही.

ज्ञानाची उणीव आणि वर्तनाची उणीव यांत गल्लत होऊ नये. मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवले की अमेरिकेत वैद्यक मंडळांची (डॉक्टरांना परवाना देणाऱ्या संस्थांची) शिस्तभंगाची कारवाई झालेल्या डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतील नोंदींत बेजबाबदार वागण्याचे प्रमाण अधिक होते. लॉगबुकात (केलेल्या कामाच्या नोंदवहीत) खोटी नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याला जादा तास लावून भागत नाही. त्याच्याशी स्वतंत्रपणे आणि स्पष्टपणे बोलावेच लागते.

मानसिक आधार. नापास झालेला विद्यार्थी सर्वांत आधी दिसेनासा होतो. मेस चुकवतो, वर्गात मागे बसतो, घरी खोटे सांगतो. नवी तुकडी मिळाली की डिसेक्शनच्या (शवविच्छेदनाच्या) टेबलाभोवती वर्षाने लहान असलेली मुले असतात आणि आपले मित्र शेजारच्या रुग्णालयात वॉर्डात जायला लागलेले असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये दिलेल्या अहवालानुसार पाहणीत उत्तरे दिलेल्या पदवी विद्यार्थ्यांपैकी 27.8 टक्क्यांनी मानसिक आजार असल्याचे आणि 16.2 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचे नोंदवले. त्यामुळे निकालाच्या दिवशी मेंटॉर (मार्गदर्शक) शिक्षकाने नापासांच्या यादीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन करणे ही किमान अपेक्षा आहे. ‘ऑफिसला येऊन भेटा’ असा निरोप पुरेसा नाही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

वादाचा मुद्दा. विद्यार्थी दुसऱ्या वर्षात गेल्यावर त्याच्या आधीच्या अडचणी नव्या विभागाच्या शिक्षकांना कळवाव्यात का, यावर दुमत आहे. कळवल्यास मदत खंडित होत नाही, पण ‘हा नापास झालेला’ असा शिक्का बसून गुण देणाऱ्याचा हात आखडण्याची भीती राहते. न कळवल्यास दुसऱ्या वर्षातल्या औषधशास्त्राच्या पहिल्या चाचणीपर्यंत पुन्हा कोणाच्या काही लक्षात येत नाही. विद्यार्थ्याच्या संमतीने आणि परीक्षक नसलेल्या मेंटॉरपुरती ही माहिती द्यावी, हा मधला मार्ग त्यातल्या त्यात न्याय्य वाटतो. त्यासाठी किती वेळा नापास झाला याची नोंद लागत नाही. कशात अडले आणि कशाने सुटले, एवढे लिहिलेले एक पान पुरते.