फोटो क्लाउडमध्ये कसे गेले आणि परत कसे मिळतात

फोनमधला चार-पाच वर्षांपूर्वीचा फोटो उघडला की बऱ्याचदा तो आधी अंधूक दिसतो, कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ फिरतं आणि मग चित्र स्वच्छ होतं. फोनमध्ये होती ती लहान प्रत. मूळ फाइल कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर, म्हणजेच क्लाउडमध्ये होती, ती आत्ता मागवली गेली. नेट नसेल तर वर्तुळ फिरतच राहतं. गॅलरीत दिसतोय म्हणजे फोटो फोनमध्ये आहे, हा समज तिथे मोडतो. फोटो जवळ असणं आणि फोटो उघडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, त्याला जेमतेम पंचवीस वर्षं झाली.

सुरुवात झाली प्रिंटच्या धंद्यातून. १९९९ मध्ये अमेरिकेत ऑफोटो आणि शटरफ्लाय या सेवा निघाल्या. डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो साइटवर चढवायचे आणि कागदी प्रिंट घरपोच मागवायच्या. ठेवायला पैसे पडत नसत, कारण कमाई प्रिंटवर होती. २००१ मध्ये कोडॅकने ऑफोटो घेतली, पुढे तिचंच नाव कोडॅक गॅलरी झालं. २००९ मध्ये तिथे नियम आला: वर्षाला ठरावीक रकमेची खरेदी करा, नाहीतर फोटो काढून टाकू. लोक चिडले, पण हिशेब सरळ होता. प्रिंट मागवणारे कमी झाले होते आणि फोटो मात्र वाढतच होते. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, जुलैमध्ये गॅलरी बंद पडली. अमेरिका आणि कॅनडातल्या ग्राहकांचे फोटो शटरफ्लायकडे हलवले गेले. म्हणजे अल्बम एका कंपनीत ठेवला होता आणि तो निघाला दुसरीकडे.

२००४ मध्ये आलेल्या फ्लिकर या फोटो दाखवायच्या साइटची गंमत वेगळी. तिथे फुकट खात्यात सर्वांत नवे २०० फोटोच दिसत. जुने पुसले जात नसत, नुसते पडद्याआड जात. पैसे भरले की पुन्हा हजर. साठवण आणि प्रवेश यांची फारकत इतक्या उघडपणे क्वचितच कुणी केली असेल. २०१३ मध्ये मालक असलेल्या याहूने ही अट काढून एक टेराबाइट जागा फुकट दिली. २०१८ मध्ये फ्लिकर स्मगमग या दुसऱ्या फोटो-कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षी फुकट खात्यांवर १००० फोटोंची मर्यादा जाहीर झाली. या वेळी जास्तीचे फोटो पडद्याआड जाणार नव्हते, पुसलेच जाणार होते.

तोवर खरा बदल खिशात झाला होता. आधी फोटो चढवणं हे रविवारी दुपारी बसून करायचं काम होतं. फोनने ते आपोआप करायला घेतलं. २०११ मध्ये ॲपलच्या आयक्लाउड या साठवणसेवेबरोबर आलेल्या फोटो स्ट्रीममध्ये शेवटचे १००० फोटो असत, आणि सर्व्हरवर ते ३० दिवस राहत. गुदाम नव्हतंच ते, नुसता पाट होता. मे २०१५ मध्ये गूगल फोटोज आलं आणि थोड्या दाबलेल्या दर्जात, १६ मेगापिक्सेलपर्यंत, कितीही फोटो फुकट ठेवा म्हणालं. शिवाय चेहऱ्यावरून किंवा ‘समुद्र’ असा शब्द टाकून फोटो शोधता येऊ लागला. लोकांनी फोनमधल्या प्रती बिनधास्त पुसल्या. ॲपच तसं सुचवत होतं. १ जून २०२१ पासून ही सवलत संपली आणि नवे फोटो १५ जीबीच्या कोट्यात मोजले जाऊ लागले. हा कोटा मेलचाही असल्यामुळे तो भरला की मेल येणंही थांबतं.

प्रवेशाची दुसरी बाजू कुलपाची. २०१४ मध्ये नामवंतांच्या खात्यांमधले खासगी फोटो चोरून पसरवले गेले. आपण ॲपल किंवा गूगल असल्याची बतावणी करणारे मेल पाठवून पासवर्ड काढून घेतल्याचं पुढे खटल्यांमध्ये उघड झालं. त्यानंतर दुहेरी पडताळणीचा आग्रह वाढला, आणि तो योग्यच होता. पण चोरासाठी लावलेल्या कडीत मालकच अडकतो हा अनुभव मीही घेतला आहे: पासवर्ड तोंडपाठ, आणि ओटीपी मात्र कधीच बंद करून टाकलेल्या नंबरवर जात होता.

फोटो एकगठ्ठा बाहेर काढायची सोय त्यामानाने उशिरा आली. गूगलने त्यासाठी टेकआउट ही सेवा २०११ मध्ये सुरू केली. २०१८ मध्ये युरोपात लागू झालेल्या जीडीपीआर कायद्याच्या कलम २० ने आपला डेटा दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्कच दिला. ॲपलकडून गूगलकडे फोटो थेट पाठवायची सोय २०२१ मध्ये झाली, उलट दिशेची २०२४ मध्ये. टेकआउटच्या झिप फाइली उघडून पाहिल्या तर फोटोशेजारी त्याच नावाची जेसन फाइल, म्हणजे माहितीची छोटी मजकूर-फाइल दिसते. आपण ॲपमध्ये हाताने लिहिलेली तारीख, मजकूर, ठिकाण त्या फाइलीत असतं, फोटोच्या पोटात नाही. कॅमेऱ्याने टिपलेली तारीख एग्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच लिहिलेल्या नोंदींमध्ये टिकते. पण स्कॅन केलेले किंवा मेसेजिंग ॲपवरून आलेले जुने फोटो संगणकावर आजच्या तारखेखाली जाऊन बसतात. वीस वर्षांपूर्वीचं लग्न आज सकाळचं दिसतं.

खातेदारच राहिला नाही तर काय, याचं उत्तर तर अलीकडचं. खातं ठरावीक काळ वापरात नसेल तर डेटा कुणाला द्यायचा, हे आधीच सांगून ठेवायची सोय गूगलने २०१३ मध्ये दिली. ॲपलचा वारस-संपर्क डिसेंबर २०२१ मध्ये आला: खातेदाराने नेमलेल्या माणसाने आधी दिलेली की (प्रवेशाचा कोड) आणि मृत्यूचा दाखला दाखवला तर तीन वर्षांपुरता प्रवेश. दुसरीकडे, दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून गूगल पुसू लागलं.

डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलने आयक्लाउडमधल्या फोटोंनाही एंड-टू-एंड एन्क्रिप्शन देऊ केलं. ते चालू केलं की फोटो कुलूपबंद होतात आणि ते उघडायच्या किल्ल्या फक्त आपल्या उपकरणांवर राहतात. कंपनीला फोटो दिसत नाहीत, आणि आपण सगळं विसरलो तर ती आपल्याला ते परतही मिळवून देऊ शकत नाही. म्हणून ते चालू करण्याआधी विश्वासातला एक माणूस नेमावा लागतो किंवा २८ अक्षरांची रिकव्हरी की घ्यावी लागते. ती की कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवा, असं कंपनीच सांगते.