शीघ्र आसंजक : बडोद्याच्या घरांतील जपणूक व वापर

शीघ्र आसंजक : तुटलेल्या वस्तूचे दोन भाग काही सेकंदांत एकमेकांना जखडणारा पातळ, रंगहीन, उग्र वासाचा द्रव. रासायनिक दृष्ट्या हे सायनोॲक्रिलेट असून घरगुती ट्यूबमध्ये बहुधा त्याचा एथिल प्रकार असतो. बडोद्याच्या मराठी घरांत याला स्वतंत्र नाव रुळलेले नाही. ट्यूब कोणत्याही कंपनीची असो, ती ‘फेविक्विक’च; नाहीतर नुसता ‘डिंक’. रावपुऱ्यातल्या गुजराती दुकानदाराकडे मागताना त्याचाच ‘गुंदर’ होतो.

डिंक हे नाव सोयीचे असले तरी घरगुती वापरातल्या बहुतेक चुका त्या नावातूनच येतात, असे या नोंदकाराचे मत आहे. बाभळीचा डिंक आणि मैद्याची खळ यांतले पाणी उडून गेले की ती धरतात. सुताराचा सरस गरम लावायचा. तो आधी निवून व मग वाळून धरतो. या तिन्हींना थोडा जाड हात चालतो आणि वाट पाहण्याचा गुण लागतो. शीघ्र आसंजक वाळत नाही. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याचा स्पर्श होताच त्याचे रेणू साखळीने जोडले जाऊन त्याचे घन प्लॅस्टिक बनते. या क्रियेला बहुवारिकीकरण म्हणतात. पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा जो पापुद्रा कायम असतो, तेवढा तिला पुरतो. म्हणून थर जितका पातळ तितका सांधा लवकर व पक्का होतो. जाड थेंबाच्या पोटापर्यंत ओलावा पोचत नाही. वरून घट्ट झालेला थेंब आत बराच वेळ ओलाच राहतो. डिंकाच्या सवयीने दाबून ट्यूब पिळली, की वस्तू हातातून सुटते आणि दोष ट्यूबच्या माथी येतो.

शोधाचा काळ व त्याविषयीचे वाद : या द्रव्याचा शोध सामान्यतः हॅरी कूव्हर (मृत्यू २०११) या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर मांडला जातो आणि साल १९४२ दिले जाते. दुसऱ्या महायुद्धात ईस्टमन कोडॅक कंपनीत बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना त्यांच्या गटाच्या हाती ही संयुगे आली. पण ती ज्याला त्याला चिकटत असल्यामुळे टाकून देण्यात आली. १९५१ मध्ये टेनेसी राज्यातील किंग्जपोर्ट येथे जेट विमानाच्या छतासाठी उष्णतेत टिकणाऱ्या प्लॅस्टिकचा शोध चालू असताना, कूव्हर यांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या फ्रेड जॉयनर यांनी एथिल सायनोॲक्रिलेटचा पापुद्रा वक्रीभवनमापकाच्या (पदार्थातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणाच्या) दोन लोलकांमध्ये पसरला. लोलक एकमेकांना कायमचे चिकटले. महागडे उपकरण हातचे गेले, पण या द्रव्याचा खरा उपयोग त्या दिवशी ओळखला गेला.

शोध १९४२ चा की १९५१ चा, याचे उत्तर ‘शोध’ कशाला म्हणायचे यावर ठरते. यात आणखी एक गुंता आहे. गुडरिच कंपनीच्या ॲलन आर्डिस यांना ही एकवारिके, म्हणजे साखळीत जोडले जाण्याआधीचे सुटे रेणू, तयार करण्याच्या कृतीची एकस्वे (पेटंट) १९४९ मध्येच मिळाली होती. आसंजक म्हणून कूव्हर यांचे एकस्व १९५६ चे आहे. म्हणजे पदार्थ म्हणून नोंद आधीची आणि चिकटवण्याचे द्रव्य म्हणून नोंद नंतरची. लोकप्रिय लेखनात १९४२ हेच साल पुन्हा पुन्हा येते. तथापि टाकून दिलेल्या पदार्थापेक्षा त्याचा गुण ओळखणे हा शोध मानल्यास १९५१ अधिक सयुक्तिक ठरते आणि जॉयनर यांचे नाव कूव्हर यांच्या बरोबरीने घेणे न्याय्य ठरते. १९५८ मध्ये हे द्रव्य ‘ईस्टमन ९१०’ या नावाने बाजारात आले. तपासलेल्या संयुगांपैकी ते ९१० वे होते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. १९५९ मध्ये दूरचित्रवाणीवर कूव्हर यांनी एका थेंबाने जोडलेल्या सांध्याच्या आधारे कार्यक्रमाच्या निवेदकाला जमिनीवरून उचलून दाखवले, त्यानंतर ते घरोघरी माहीत झाले. व्हिएटनाम युद्धात जखमेतला रक्तस्राव थोपवण्यासाठी त्याचा फवारा वापरला गेला. शस्त्रक्रियेत त्वचा सांधण्यासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली ती ऑक्टिल प्रकाराला. घरातली एथिल प्रकारची ट्यूब जखमेवर लावू नये. ती त्वचेला दाहक असते.

बडोद्याला उपयोजित रसायनशास्त्राची परंपरा जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय सुरू झाले, आणि तेथील त्रिभुवनदास गज्जर व कोटिभास्कर यांचा हात लागलेला अलेंबिक हा रसायनांचा कारखाना १९०७ मध्ये उभा राहिला. शीघ्र आसंजक मात्र त्या परंपरेतून आलेले नाही. ते किराणा व स्टेशनरीच्या दुकानात टांगलेल्या पुठ्ठ्यावरून घरात आले.

जपणूक : ज्या ओलाव्यामुळे हे द्रव्य काम करते, तोच ते ट्यूबमध्ये मारतो. कारखान्यात त्यात सल्फर डायऑक्साइडसारखे आम्लधर्मी संरक्षक अत्यल्प प्रमाणात घालतात, त्यामुळे सीलबंद ट्यूब साधारण वर्षभर टिकते. बाटली पॉलिएथिलीनची असते, कारण त्या प्लॅस्टिकला हे द्रव्य चिकटत नाही. (याच कारणाने पॉलिएथिलीनची बादली किंवा टमरेल याने सांधायचा खटाटोप वाया जातो.) न उघडलेली ट्यूब २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावी, यावर सर्वांचे एकमत आहे. मे महिन्यात पारा ४० च्या वर जाणाऱ्या या शहरात तर ते गरजेचेच.

उघडलेल्या ट्यूबबद्दल मात्र दोन मते आहेत. काही उत्पादक ती फ्रिजमध्ये परत ठेवू नये म्हणतात: थंड ट्यूब बाहेर काढली की दुधाच्या थंड पातेल्यावर धरतो तसा दव तिच्या तोंडावर धरतो आणि आतला द्रव आवळू लागतो. अनेक कारागीर मात्र हवाबंद बरणीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ती फ्रिजमध्येच ठेवतात. हिवाळ्यात व मार्चपर्यंत पहिले मत पाळायला हरकत नाही. एप्रिल ते सप्टेंबर बरणीची पद्धत उजवी वाटते. अट एवढीच, की बरणी बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास झाकण उघडायचे नाही. आतली ट्यूब खोलीच्या तापमानाला आली पाहिजे. सिलिका जेलच्या पुड्या नव्या बुटांच्या खोक्यात व पर्समध्ये सापडतात; त्या फेकू नयेत.

काम झाल्यावर ट्यूब उभी धरून टिचकी मारावी, म्हणजे नळीतला द्रव खाली उतरतो. तोंड कोरड्या कागदाने पुसून टोपण लावावे आणि ट्यूब उभीच ठेवावी. छिद्रात टाचणी खोचून ठेवायची पद्धत सर्रास दिसते. टाचणी आतच घट्ट रुतते आणि ओढताना नळी तुटते. ज्या घरात महिन्यातून एखादी वस्तू सांधायची असते, तिथे मोठी बाटली जपण्याचा आटापिटा करण्यापेक्षा अर्ध्या ग्रॅमच्या दोन-तीन ट्यूब आणून एकेक संपवणे स्वस्त पडते.

एका गोष्टीची सूचना ठसठशीत करणे आवश्यक आहे. फ्रिजच्या दारात डोळ्यांचे व कानाचे थेंब ठेवलेले असतात. आसंजकाची छोटी बाटली हाताला तशीच लागते, आणि दोन्हींची गफलत होऊन डोळ्यांत आसंजक पडल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. औषधांच्या कप्प्यात ही ट्यूब कदापि ठेवू नये.

ऋतुमान : सांधा चांगला होण्यासाठी हवेतील सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के असावी. बडोद्याचे फार थोडे दिवस त्यात बसतात. उत्तरायणाच्या सुमारास, जानेवारीत, हवा कोरडी व गार असते. गच्चीवर बसून फिरकीचा निखळलेला दांडा सांधू गेले तर द्रव कितीतरी वेळ ओला राहतो आणि ट्यूब जुनी झाली असे वाटते. जोडायच्या पृष्ठभागावर तोंडाने एकदा ‘हाः’ करून वाफ सोडली तर तेवढ्याने काम होते. श्रावण-भाद्रपदात याच्या उलट: द्रव जोडण्याआधीच घट्ट होतो, सांधा ठिसूळ राहतो आणि कडेने पांढुरके भुरे चढते. ते बुरशीचे नसून उडालेल्या आसंजकाची वाफ आजूबाजूला बसून झालेले असते. चष्म्याच्या दांडीजवळ काम करताना काचेवर हेच बसते.

गणपतीच्या मूर्तीचे बोट किंवा सोंडेचे टोक आणताना दुखावले, तर ट्यूबकडे हात जातो. प्लॅस्टरच्या मूर्तीला ती धरते. शाडू मात्र पातळ द्रव पिऊन टाकतो, सांध्यात काही उरत नाही. शिवाय घट्ट झालेला डाग विसर्जनात विरघळत नाही. शाडूच्या मूर्तीला ओल्या शाडूचेच बोट लावावे. प्राणप्रतिष्ठेनंतर मूर्ती दुखावली तर तो प्रश्न गुरुजींना विचारण्याचा आहे.

वापर : लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीच्या झाकणाची तुटलेली मूठ हे चांगले उदाहरण आहे. दोन्ही तुकडे साबणाने धुऊन तेलाचा अंश काढावा व उन्हात पूर्ण वाळवावे. आसंजक न लावता आधी तुकडे जुळवून पाहावेत. मूठ ज्या एकाच कोनात ‘टक’ करून बसते तो कोन बोटांना कळला पाहिजे, कारण नंतर हलवायला वेळ मिळत नाही. मग एकाच तुकड्यावर एक थेंब, अर्धा मिनिट स्थिर दाब, आणि २४ तास वापर नाही. सांधा सेकंदांत धरत असला तरी पूर्ण बळ यायला एवढा अवधी लागतो. बरणीच्या पोटाला तडा गेला असेल तर ती सांधून त्यात लोणचे भरू नये. आसंजक अन्नाच्या संपर्कासाठी नाही. सुमारे ८० अंशांपुढे ते सैल पडत असल्याने कपबशीचा कान सांधूनही पुढे गरम चहात व धुण्यात निसटतो. काचेवरही सांधा काळाच्या ओघात सुटतो. सरळ ओढीला तो मजबूत, पण सोलल्यासारख्या ताणाला व आघाताला कच्चा असतो. चपलेचा अंगठा म्हणूनच पुन्हा पुन्हा निघतो, आणि तिथे मोच्याचे टाके बरे.

नवरात्रात चणिया-चोळीवरचे निसटलेले आभले घाईत या ट्यूबने डकवण्याची प्रथा गरब्याला जाणाऱ्या मुलींत आहे. ती धोक्याची आहे. सुती कापडावर हे द्रव्य पडले की क्रिया अतिशय वेगाने होऊन चटका बसण्याइतकी उष्णता व धूर निघतो. अंगावर घातलेल्या कपड्यावर तर थेंबही पडू देऊ नये. आभल्याला सुई-दोराच हवा. याच कारणाने सांडलेला द्रव कापसाने किंवा सुती फडक्याने टिपू नये.

बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून, पेन्सिल फिरवावी तशी एकमेकांवर हलकेच लोळवत सोडवावीत. ॲसिटोन, म्हणजे ते असलेले नेलपॉलिश रिमूव्हर, लवकर काम करते. पण चष्म्याची चौकट, अनेक प्रकारचे प्लॅस्टिक आणि संखेड्याच्या पाळण्यावरचा लाखेचा रंगीत थर यांच्यावर ते लावू नये. डोळ्यात गेल्यास कोमट पाण्याने धुवावे, पापण्या जोराने उघडू नयेत, ॲसिटोन जवळही आणू नये आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चिकटलेल्या पापण्या बहुधा एक ते चार दिवसांत आपोआप सुटतात.