भूकंपात दाराची चौकट वाचवते?

‘भूकंप आला की दाराच्या चौकटीत उभं राहा’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. या सल्ल्याचं मूळ जुन्या कच्च्या विटांच्या घरांत आहे. भिंती ढासळल्या, लाकडी चौकट तेवढी उभी राहिली. लोकांच्या डोक्यात तेच चित्र बसलं. आजच्या घरात चौकट बाकीच्या बांधकामाहून मजबूत नसते. उलट हेलकावणारं दार अंगावर आदळतं, बोटं चेमटतात आणि कपाटावरून उडून येणाऱ्या वस्तूंपासून आडोसा काहीच मिळत नाही.

हादरे सुरू झाले की गुडघ्यांवर बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, एका हाताने डोकं-मान झाका, दुसऱ्याने टेबलाचा पाय घट्ट धरा. धरायचा कशासाठी? टेबल सरकतं म्हणून. ते सरकलं की आपणही त्याच्यासोबत सरकायचं. अंथरुणात असाल तर तिथेच थांबा, डोक्यावर उशी घ्या.

खरी तयारी मात्र आधीची. उंच कपाट भिंतीला पट्टीने पक्कं करा (हे काम वर्षानुवर्षं ‘पुढच्या रविवारी’ होत असतं!). उशाशी टॉर्च आणि जाड तळव्यांचे बूट ठेवा. अंधारात फुटलेल्या काचांवर अनवाणी पाय पडायला वेळ लागत नाही.