काळा रंग महाग कसा झाला: मोठ्या टीव्हीच्या निकषांची पार्श्वभूमी

महागडा, मोठ्या पडद्याचा टीव्ही पारखायला बसलेला माणूस आज एक गमतीशीर काम करतो. खोलीतले दिवे घालवतो, एखाद्या चित्रपटाची अखेरची श्रेयनामावली लावतो आणि काळ्या पडद्यावरून वर सरकणाऱ्या पांढऱ्या अक्षरांकडे डोळे बारीक करून बघत राहतो. अक्षरांभोवती धुरकट वलय आहे का? वरच्या-खालच्या पट्ट्या खरंच काळ्या आहेत, की राखाडी? चाळीस वर्षांपूर्वी टीव्ही घेणाऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं. तेव्हा काळा रंग फुकट मिळत होता.

फुकट, कारण जुन्या टीव्हीत पिक्चर ट्यूब होती. कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ साली बनवलेल्या नळीचाच तो वंशज. इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आदळला की ठिपका उजळायचा. झोत थांबवला की तिथे प्रकाशच नाही, म्हणजे काळं. (खोलीत दिवा असला तर ती काच स्वतःच करडी दिसायची, हे आठवणींच्या भरात आपण विसरतो.) प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझत असल्यामुळे धावता चेंडूही रेखीव दिसे. कोणत्याही कोपऱ्यात बसा, रंग तेच. आजच्या परीक्षणात ज्यांना वेगवेगळे गुण मिळतात त्या काळेपणा, हालचाल आणि बघण्याचा कोन या तिन्ही गोष्टी तेव्हा कुणी मागितल्या नव्हत्या, तरी मिळत होत्या.

मिळत नव्हता तो आकार. पडदा मोठा करायचा तर नळी लांब आणि काच जाड करावी लागे. सोनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ४३ इंची ट्यूबचा टीव्ही काढला होता, त्याचं वजन भरलं सुमारे २०० किलो. इंच कर्णावर मोजायची रीतही ट्यूबच्याच घरातली. सुरुवातीच्या नळ्यांचं तोंड गोल असायचं आणि त्यांचा व्यास सांगितला जाई. तोंड चौकोनी झालं, तेव्हा व्यासाच्या जागी कर्ण आला. या मोजमापाने आजही फसगत होते. ५५ आणि ६५ इंचांत दहाचाच फरक वाटतो, पण पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढलेलं असतं.

मोठा म्हणजे किती मोठा, हा प्रश्न जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने गांभीर्याने घेतला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथल्या संशोधकांनी पुढच्या पिढीच्या टीव्हीवर काम सुरू केलं. माणसाला आपण चित्राच्या समोर नाही, चित्रात आहोत असं कधी वाटू लागतं, हे ते माणसांना पडद्यासमोर बसवून तपासत होते. उत्तर निघालं ते असं: पडद्याने नजरेचा आडवा ३० अंशांच्या आसपासचा पट्टा व्यापला पाहिजे, आणि त्यासाठी पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसायला हवं. त्या अंतरावरून रेघा दिसू नयेत म्हणून हजाराहून अधिक ओळी लागणार होत्या. त्यांची पद्धत ११२५ ओळींची झाली. पडद्याचं प्रमाण त्यांनी आधी ५:३ धरलं होतं, पुढे जगाने १६:९ स्वीकारलं.

हा तिपटीचा हिशेब आजही हाताशी ठेवण्यासारखा आहे. ६५ इंची पडद्याची उंची साधारण ८१ सेंटिमीटर. त्याची तिप्पट म्हणजे अडीच मीटरच्या जरा आत, आणि हे अंतर फुल एचडीचं, म्हणजे १,०८० ओळींच्या चित्राचं. ४के मध्ये ओळी दुप्पट, म्हणून अंतर निम्मं, सव्वा मीटर. सोफा तीन मीटरवर असेल तर ४के चे जादा पिक्सेल सामान्य नजरेला वेगळे दिसायचं कारणच उरत नाही. तरीही लोक शपथेवर सांगतात की नवा टीव्ही जुन्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो. ते खोटं बोलत नसतात, त्यांना दिसतं ते खरंच असतं. फक्त श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतं. ते खातं एचडीआरचं, म्हणजे उजेड-अंधारातला फरक कितीतरी वाढवणाऱ्या तंत्राचं. त्याकडे येतोच, पण आधी सपाट पडद्याने काय काय गमावलं ते.

सपाट पडद्याचे दोन दावेदार होते, प्लाझ्मा आणि एलसीडी. प्लाझ्मा १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात जन्मला. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांना तो टीव्हीसाठी नकोच होता, त्यांना प्लेटो या संगणकावरून शिकवण्याच्या यंत्रणेसाठी पडदा हवा होता. भिंतीवर टांगता येणारे ४२ इंची रंगीत प्लाझ्मा टीव्ही बाजारात यायला १९९७ च्या सुमारापर्यंत वाट पाहावी लागली. प्लाझ्माचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळायचा. पायोनियरने २००७ साली आपल्या सर्वोत्तम मालिकेला ‘कुरो’ नाव दिलं, जपानीत त्याचा अर्थ काळा. काळ्या रंगाच्या नावाने टीव्ही विकावा लागतो, यावरूनच कळावं की तो आता दुर्मीळ झाला होता. दोन वर्षांत पायोनियरने टीव्हीचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं आणि २०१३ साली पॅनासॉनिकनेही प्लाझ्माला निरोप दिला.

माझ्या मते प्लाझ्मा हरला तो शोरूमच्या ट्यूबलाइटखाली, घरात नव्हे. दुकानाच्या झगमगाटात शेजारचा एलसीडी जास्त उजळ दिसायचा, वीज कमी खायचा, वजनाला हलका. अंधारात बघितलं असतं तर निकाल उलटा लागला असता, पण दुकानात अंधार कोण करतो?

एलसीडीचं मूळ दुखणं असं की त्याचा पिक्सेल स्वतः उजेड देत नाही, मागच्या दिव्याचा उजेड अडवतो. आणि ही झडप पूर्ण बंद होत नाही. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये पांढरा काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो. व्हीए जातीत हे प्रमाण काही हजारांवर जातं, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. दुसरं दुखणं हालचालीचं. इथे एक फ्रेम पुढची येईपर्यंत पडद्यावर स्थिर राहते. डोळा मात्र चेंडूमागे सरकत असतो, म्हणून चेंडू डोळ्यातच फराटतो.

दोन्हींवर इलाज झाले, आणि महागड्या टीव्हीची पत्रिका बहुतांशी या इलाजांचीच यादी असते. काळ्यासाठी मागे एलईडी दिवे बसवले (सोनीने २००४ साली केलं), मग चित्रात जिथे अंधार आहे तिथले दिवे मंद करायची सोय आली, आणि २०१९ पासून मिनी-एलईडीचे बारके दिवे. पण ४के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल असतात. दिव्यांचे अगदी दोन हजार विभाग धरले, तरी एकेकाच्या वाट्याला चार हजारांहून जास्त पिक्सेल येतात. पांढऱ्या अक्षराला उजळायचं तर त्याच्या आजूबाजूचंही थोडं उजळणारच. सुरुवातीला श्रेयनामावलीत शोधत होतो ते वलय हेच.

हालचालीवरचा इलाज तर रोगापेक्षा जाचक निघाला. टीव्ही दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतःच कल्पून घालू लागला. खेळ बघताना ते बरं वाटतं, पण सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रित केलेला चित्रपट रोजच्या मालिकेसारखा गुळगुळीत, खोटा दिसू लागतो. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरी यांनी चित्रफीत काढून प्रेक्षकांना हे बंद करा म्हणून विनवलं. पुढच्या वर्षी टीव्ही आणि चित्रपट कंपन्यांच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने फिल्ममेकर मोड जाहीर केला, ज्यात असली सगळी कारागिरी बंद होते.

ओलेडने काळा परत आणला. कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली त्याचं मूळ तंत्र प्रसिद्ध केलं. सोनीचा पहिला ओलेड टीव्ही २००७ साली आला, जेमतेम ११ इंचांचा. एलजीचा ५५ इंची २०१३ साली विक्रीला आला, आणि क्वांटम डॉट (रंग शुद्ध करणारे अतिसूक्ष्म कण) जोडलेला प्रकार २०२२ साली. पिक्सेल पुन्हा स्वतः उजळू आणि विझू लागले. सोबत प्लाझ्माची जुनी खोडही आली: एकच चित्र तासन्‌तास ठेवलं तर त्याचा डाग राहू शकतो.

खरोखर नवं, ट्यूबकडे कधीच नव्हतं असं काही मिळालं असेल तर ते म्हणजे एचडीआर. ट्यूबच्या काळापासून कार्यक्रमांची प्रत सुमारे १०० निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड धरून तयार होई. २०१४ साली डॉल्बीच्या संशोधनातून आलेलं पीक्यू हे नवं मोजमाप प्रमाण ठरलं, आणि त्याची मर्यादा १०,००० निट्स आहे. खिडकीतलं ऊन, धातूवरची लकाकी हे सगळं आता पांढऱ्या कागदापेक्षा वेगळं दिसू शकतं. मात्र निट्सचा आकडा आला तशी त्याची शर्यतही आली. उजेड मोजायला काळ्या पडद्यावर ठरावीक आकाराचा पांढरा चौकोन दाखवतात. २०२२ साली परीक्षकांच्या लक्षात आलं की काही टीव्ही हा चौकोन ओळखून मोजणीपुरतं सोज्वळ वागतात. मग त्यांनी चौकोनाचा आकार किंचित बदलून मोजायला सुरुवात केली.

रंगांतही दुकानाची सावली आहे. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ पर्याय निळसर पांढरा दाखवतो, कारण तो जास्त उजळ भासतो. स्टुडिओत पांढरा सुमारे ६,५०० केल्विनचा (हे पांढऱ्याच्या छटेचं माप), म्हणजे त्याहून पिवळसर असतो. घरी पहिल्यांदा तो लावला तेव्हा पडद्यावर हळदीचा हात फिरल्यासारखं वाटलं होतं. चार दिवसांनी जुना पर्याय लावून बघितला, तर सगळ्यांचे चेहरे आजारी दिसले.

आवाजाचं थोडक्यात: टीव्ही सपाट झाला आणि स्पीकरला जागा उरली नाही. चित्र-आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलच्या २००९ सालच्या १.४ या आवृत्तीत टीव्हीचा आवाज त्याच केबलने बाहेर न्यायची सोय झाली, साउंडबारचा बाजार तिने सोपा केला.

‘स्मार्ट’ हा शब्द मात्र या वंशावळीत बसत नाही, तो फोनकडून आला. एलजीच्या टीव्हीतलं वेबओएस मुळात पाम कंपनीच्या फोनसाठी २००९ साली आलं, एचपीकडे गेलं आणि २०१४ साली टीव्हीवर पोचलं. सॉफ्टवेअरबरोबर त्याच्या सवयीही आल्या. प्रेक्षक काय बघतो याची नोंद त्याच्या संमतीविना ठेवल्याबद्दल अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीने २०१७ साली २२ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं, आणि त्यात १ कोटी १० लाख टीव्हींचा प्रश्न होता. पॅनेल धडधाकट असतानाच ॲप चालेनासं होतं, हा अनुभव आता जुना झालाय. म्हणून बरेच जाणकार पडद्यासाठी भरपूर पैसे मोजतात, आणि घरी आणल्यावर तो टीव्ही इंटरनेटला जोडतच नाहीत. शेजारी एक छोटी स्ट्रीमिंगची डबी लावतात आणि ती जुनी झाली की तेवढीच बदलतात.