वळचण हरवलेली घरं

4 जानेवारी 2020 रोजी पश्चिम सिडनीतल्या पेनरिथमध्ये पारा 48.9 अंशांवर गेला. तो उष्णतेच्या लाटेचा दिवस होता. पण लाट ओसरल्यावरही तिथल्या नव्या वसाहती लवकर निवत नाहीत, आणि त्याचं एक मोठं कारण घरांच्या मांडणीत आहे.

ऑस्ट्रेलियात घराला पाव एकर जागा, म्हणजे आपले दहा गुंठे, हे एके काळी सर्वसामान्यांचं स्वप्न होतं. आता नवा प्लॉट बऱ्याचदा साडेतीन-चार गुंठ्यांचाच मिळतो. घर मात्र आटलेलं नाही. तिथली नवी स्वतंत्र घरं जगातल्या सर्वांत मोठ्या घरांत मोडतात. घर, गॅरेज आणि गाडीपुरतं काँक्रीट वजा केलं की माती उरते ती कुंपणालगतची एक पट्टी. तिथे मोठं झाड कुठून येणार?

आणि झाडाबरोबर नुसती सावली जात नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. मुळांशी ओल असलेलं मोठं झाड उन्हाळ्याच्या दिवशी पानांवाटे शंभर लिटर पाणी सोडू शकतं. हिशेब केला तर 68 युनिट उष्णता! ती हवा तापवण्याऐवजी वाफेत जाते.

दुसरा बळी वळचणीचा. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून तळपतो. सिडनीत भर उन्हाळ्यात तो दुपारी जवळजवळ 80 अंश उंच असतो, हिवाळ्यात जेमतेम 33. त्यामुळे उत्तरेच्या भिंतीपुढे फक्त 60 सेंटिमीटर आलेलं छप्पर उन्हाळ्याच्या दुपारी खाली तीन मीटरहून जास्त सावली धरतं, आणि हिवाळ्यात तेच छप्पर ऊन सरळ घरात येऊ देतं. एवढी सोपी, बिनखर्चाची सोय! पण भिंती हद्दीपासून मीटरभरावर आल्या की छप्पर पुढे काढायला जागाच राहत नाही. मग उघड्या काचा तापतात आणि एसी लागतो. त्याचं बाहेरचं युनिट दोन घरांमधल्या त्या बोळातच गरम हवा फेकतं. शेजाऱ्याची खिडकीही तिथेच उघडते, किंवा खरं तर बंदच राहते.

वर गडद राखाडी छप्पर. असं छप्पर अंगावर पडलेल्या उन्हाचा बहुतांश भाग शोषून घेतं. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सच्या सरकारने 2021मध्ये अशा छपरांना आळा घालायचं ठरवलं होतं, 2022मध्ये ते बारगळलं. मला ही माघार फार चुकीची वाटते, कारण फिका रंग निवडायला जागा लागत नाही.

पावसाचंही तेच. 250 चौरस मीटर छपरावर 40 मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. आढ्याचं पाणी वळचणीवरून मातीत मुरायचं. आता त्यातलं बरंचसं पाइपातून गटारात जातं.

पश्चिम सिडनीत मराठी कुटुंबंही राहतात. नवं घर बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: खोल्या आखण्याआधी नकाशावर एका झाडाची जागा आखा. हवं तर एक मजला वर चढवा, पण मागच्या बाजूला तीन-चार मीटर रुंद उघडी माती ठेवा.