पॅलेडियमची कांडी आणि तेलवाल्यांचं कारस्थान

कोल्ड फ्यूजनचा, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रकं एकमेकांत मिसळून ऊर्जा मिळवण्याचा, विषय निघाला की मंडळीत एक जण तरी हमखास म्हणतो, "अहो, शोध खरा होता. तेलवाल्यांनी दाबून टाकला." ऐकायला झकास वाटतं, आणि तेल कंपन्यांची एकंदर कीर्ती पाहता सहज पटतंही. पण त्या काळातला पैसा कुठून कुठे गेला हे पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. हा दावा खरा ठरावा म्हणून एका राज्याच्या विधिमंडळाने, जपान सरकारने, अमेरिकेतल्या वीज कंपन्यांच्या संशोधन संस्थेने आणि मोटारी बनवणाऱ्या टोयोटाच्या घराण्याने थैल्या मोकळ्या सोडल्या. ऊर्जेचं राजकारण झालं, चांगलं दणकून झालं. शोध गाडायला नव्हे, तो वेळेआधी चव्हाट्यावर आणायला ते कारणीभूत ठरलं, असं माझं मत आहे.

23 मार्च 1989. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद बोलावली. स्टॅन्ली पॉन्स हे तिथलेच प्राध्यापक. मार्टिन फ्लाइशमन इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे, रॉयल सोसायटीचे फेलो, विद्युत-रसायनशास्त्रातलं बडं नाव. दोघांनी जाहीर केलं की टेबलावरच्या काचेच्या नळीत, साध्या तापमानाला, आम्ही अणुकेंद्रकांचं संमीलन घडवलं आहे. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश तापमानाला जे घडतं ते. दुसऱ्याच दिवशी अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं आणि समुद्रात काळा तवंग पसरला. चेर्नोबिलला जेमतेम तीन वर्षं झाली होती. तेल घाण, अणुभट्टी घातक, आणि इकडे समुद्राच्या पाण्यातून अखंड वीज! याहून सोयीचा मुहूर्त कुठल्या ज्योतिषाने काढला नसता.

प्रयोग दिसायला किती साधा होता ते पाहू. नळीत जड पाणी, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम असतो असं पाणी. त्यात थोडं लिथियमचं संयुग, वीज वाहावी म्हणून. मधोमध पॅलेडियमची कांडी, तिच्याभोवती प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं. वीज सोडली की पाण्याचं अपघटन होतं, ड्यूटेरियम पॅलेडियमकडे जातो आणि धातूत शिरतो. पॅलेडियमला हायड्रोजनची हाव आहे, स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट वायू तो पोटात घेतो. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. फ्लाइशमन यांचा तर्क असा की धातूच्या जाळीत इतकी दाटी झाली की ड्यूटेरियमची काही केंद्रकं एकमेकांत मिसळत असतील. पुरावा काय, तर नळीत जितकी वीज घातली त्याहून जास्त उष्णता निघते.

अशी कल्पना पहिल्यांदाच सुचली होती असंही नाही. 1926 मध्ये बर्लिनमध्ये पानेथ आणि पीटर्स यांनी पॅलेडियममध्ये हायड्रोजनचा हेलियम झाल्याचं जाहीर केलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दावा मागे घेतला; हेलियम उपकरणाच्या काचेतून आणि अ‍ॅस्बेस्टॉसमधून येत होता.

आता अडचण कुठे आहे ते बघा. ड्यूटेरियमची दोन केंद्रकं मिसळली की काय होतं हे भौतिकशास्त्रज्ञ कित्येक दशकं मोजत आले आहेत. साधारण निम्म्या वेळा एक न्यूट्रॉन सुटतो, निम्म्या वेळा ट्रिटियम (हायड्रोजनचा तिप्पट वजनाचा भाऊ) आणि प्रोटॉन मिळतो. सरळ हेलियम आणि गॅमा किरण ही वाट फारच क्वचित, लाखांत एखाद्या वेळी किंवा त्याहून कमी. म्हणजे नळीतून फक्त 1 वॅट उष्णता संमीलनाने निघत असेल, तर दर सेकंदाला सुमारे 1 लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडले पाहिजेत. इतके न्यूट्रॉन झेलत कोणी त्या टेबलाशेजारी तासन् तास उभा राहिला तर तो पुढे पत्रकार परिषदेला येण्याच्या अवस्थेत राहत नाही. पॉन्स आणि फ्लाइशमन तर कित्येक वॅटचा दावा करत होते, आणि त्यांनी मोजलेले न्यूट्रॉन या हिशोबाच्या कोट्यंशही नव्हते.

हा मुद्दा खोडायचा तर एकच मार्ग उरतो. धातूच्या आत संमीलन काही निराळ्याच रीतीने होतं आणि सगळी ऊर्जा मुकाट्याने उष्णतेत जाते, असं म्हणायचं. म्हणायला हरकत नाही. पण मग उष्णतेचं मोजमाप इतकं पक्कं हवं की त्यावर केंद्रकीय भौतिकीचं घर पाडून नवं बांधता यावं.

ते तसं नव्हतं. नळी वरून उघडी होती. अपघटनातून निघालेले ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन वायू आपल्याबरोबर ऊर्जा घेऊन बाहेर जातात असं धरून हिशोबात वजावट केलेली होती. त्यातले थोडे वायू नळीतच पुन्हा जुळून पाणी झाले, तर ती उष्णता आतच राहणार आणि 'जादा' म्हणून दिसणार. नळीतलं पाणी नीट ढवळलेलं नसेल तर तापमापी कुठे बुडवली यावर आकडा बदलणार. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे जड पाण्याऐवजी साधं पाणी घालून केलेल्या तुलनेच्या प्रयोगाचे आकडे त्यांच्या पहिल्या शोधनिबंधात नव्हतेच. अकरावीच्या प्रयोगवहीतही 'नियंत्रक' लिहिला नाही तर बाई गुण कापतात.

गॅमा किरणांच्या आलेखाचा किस्सा तर जवळून पाहण्यासारखा आहे. न्यूट्रॉन पाण्यातल्या हायड्रोजनने टिपला की 2.22 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण निघतो, त्यामुळे आलेखात नेमक्या त्या जागी उंचवटा दिसायला हवा. युटाच्या निबंधात तसा उंचवटा छापला होता. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविज्ञान संस्थेतल्या रिचर्ड पेट्रासो आणि सहकाऱ्यांनी तो बारकाईने पाहिला. उपकरणाची क्षमता लक्षात घेता तो फारच अरुंद होता. खऱ्या उंचवट्याच्या डावीकडे एक पायरी असते, कॉम्प्टन कड म्हणतात तिला, ती गायब होती. मग त्यांनी दूरचित्रवाणीच्या बातमीत प्रयोगशाळेच्या पडद्यावर ओझरता दिसलेला संपूर्ण आलेख मिळवला. त्यात पोटॅशियम आणि थॅलियमच्या, भिंतींतून नेहमीच येणाऱ्या, ओळखीच्या रेषा होत्या. त्यांच्यावरून मोजलं तर युटाचा उंचवटा 2.2 वर नसून 2.5 च्या आसपास पडत होता! मे महिन्यात हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. पेट्रासो यांच्या मते तो उंचवटा उपकरणाचाच खेळ असावा.

बातमीच्या चित्रफितीवरून आलेख वाचायची वेळ का आली? कारण मूळ माहिती कोणी देत नव्हतं. इथे राजकारण आत येतं. शेजारच्याच ब्रिगम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स हे भौतिकशास्त्रज्ञ अशाच विषयावर काम करत होते. पॉन्स यांनी केंद्राच्या ऊर्जा खात्याकडे अनुदान मागितलं तेव्हा तो अर्ज तपासायला जोन्स यांच्याकडेच गेला, आणि तिथून संशय सुरू झाला. 24 मार्चला सॉल्ट लेकच्या विमानतळावर भेटून दोघांचे निबंध एकदमच 'नेचर'ला धाडायचे असं ठरलं होतं, अशी ब्रिगम यंगच्या लोकांची समजूत होती. युटाने आदल्या दिवशी कॅमेरे बोलावले. मागे पेटंटची घाई होती, वकील होते, विद्यापीठाची तिजोरी होती. गंमत म्हणजे जोन्स यांचा दावा अगदीच माफक होता. थोडेसे न्यूट्रॉन दिसतात, वीज बनवायचं नावही काढू नका, इतकाच. घाईत युटाच्या निबंधातून तिसऱ्या लेखकाचं नावच राहून गेलं, ते शुद्धिपत्रात घालावं लागलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात युटाच्या विधिमंडळाने 50 लाख डॉलर मंजूर केले. 12 एप्रिलला डॅलसमध्ये रसायनशास्त्रज्ञांचा मेळावा भरला, हजारो लोक, पॉन्स यांना टाळ्यांचा कडकडाट. भौतिकशास्त्रवाले अब्जावधी डॉलर उधळून जे करू शकले नाहीत ते आपल्यातल्याने केलं, ही भावना लपत नव्हती. 26 एप्रिलला मंडळी वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या समितीपुढे अडीच कोटी डॉलर मागत होती, आणि युटातर्फे आलेले सल्लागार जपानचा बागुलबुवा दाखवत होते. मग 1 मेला बाल्टिमोरमध्ये भौतिकशास्त्रज्ञांची सभा. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या नेथन लुइस यांनी उष्णतेच्या मोजमापातल्या चुका एकेक करून मांडल्या, स्टीव्हन कूनिन यांनी तर सौजन्याची पर्वाच केली नाही. एकाच शोधाला तीन आठवड्यांत दोन शहरांत दोन टोकांचं स्वागत! शास्त्रज्ञांनाही जात असते, इतकंच म्हणतो.

तप्त संमीलनवाल्यांचे, म्हणजे प्रचंड तापमानाला संमीलन घडवू पाहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांचे, हितसंबंध नव्हते असं मी म्हणणार नाही. त्यांचं अनुदान वर्षाला कोट्यवधी डॉलरचं होतं आणि ते आधीच कापलं जात होतं. एमआयटीच्या वृत्त विभागातले मुख्य विज्ञान लेखक यूजीन मॅलोव्ह यांनी, तिथे केलेल्या पडताळणी प्रयोगातल्या उष्णतेच्या आकड्यांत फेरफार झाल्याचा आरोप करत 1991 मध्ये राजीनामा दिला. समर्थक आजही हे प्रकरण पुढे करतात. पण हारवेल ही ब्रिटिश प्रयोगशाळा पाहा. तिथे फ्लाइशमन स्वतः सल्ला देत होते, पॅलेडियमचे कितीतरी नमुने वापरले गेले, आणि काहीच हाती लागलं नाही. नोव्हेंबर 1989 मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने वेगळा कार्यक्रम नको, नेहमीच्या वाटेने आलेल्या चांगल्या प्रस्तावांना मदत करा, असा अहवाल दिला. दडपशाहीची भाषा अशी नसते.

आता ट्रॉम्बे. जगभरच्या प्रयोगशाळा जड पाण्यासाठी धावाधाव करत असताना आपल्याकडे ते कारखान्यात बनत होतं. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर बाहेरून मदत आटली, आपल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्यावर चालणाऱ्या, म्हणून हे पाणी घरीच करायचं ठरलेलं; रायगड जिल्ह्यातल्या थळचा कारखाना तेव्हा नुकताच सुरू झाला होता. भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक पी. के. अय्यंगार यांनी स्वतः रस घेतला, एम. श्रीनिवासन आणि इतर गट कामाला लागले. त्यांनी उष्णतेवर भर दिला नाही. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम शोधले, आणि दोन्ही सापडल्याचा अहवाल 1989 च्या डिसेंबरात काढला.

तो अहवाल चमत्कारिक आहे. ओळखीच्या संमीलनात ट्रिटियम आणि न्यूट्रॉन जवळपास सारखेच मिळतात. ट्रॉम्बेच्या आकड्यांत कोटीभर ट्रिटियममागे एखादा न्यूट्रॉन होता. समर्थकांना हा नव्या भौतिकीचा पुरावा वाटला. टीकाकाराला लगेच दुसरंच आठवतं, ते म्हणजे अणुभट्टीत वापरलेल्या जड पाण्यात ट्रिटियम तयार होतच असतं, आणि ज्या आवारात ते हाताळतात तिथे ते कुठे पोचेल सांगता येत नाही. गटांनी आधीचं ट्रिटियम मोजून वजा केलं होतं, आपले लोक काही नवशिके नव्हते. तरी तोच निकाल हवा तेव्हा, हवा तिथे पुन्हा मिळाला नाही, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला काम थंडावलं. अय्यंगार मात्र अखेरपर्यंत हे प्रयोग पुन्हा करा म्हणत राहिले. 2015 मध्ये बंगळुरूच्या 'करंट सायन्स'ने या विषयावर खास विभाग काढला, श्रीनिवासन त्याच्या संपादकांपैकी एक. दाबलेला शोध देशाच्या नामांकित नियतकालिकात असा छापून येत नसतो.

विधिमंडळाच्या पैशावर उभी राहिलेली युटाची संशोधन संस्था 1991 मध्ये बंद पडली. पॉन्स आणि फ्लाइशमन फ्रान्सच्या दक्षिणेला गेले, टोयोटाच्या पैशावर उभारलेल्या प्रयोगशाळेत. ती 1998 मध्ये मिटली. जपानच्या उद्योग मंत्रालयाचा कार्यक्रम त्याआधीच गुंडाळला होता. तेलावाचून चालणारा देश व्हायची निकड जपानला जितकी होती तितकी क्वचितच कोणाला असेल. त्यांनी काही दिसलं असतं तर सोडलं असतं का?

2015 नंतर गूगलने सुमारे 1 कोटी डॉलर आणि तीसेक संशोधक लावून सगळं पुन्हा तपासलं. 2019 मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर आलं, कोल्ड फ्यूजनचा पुरावा नाही. पण पॅलेडियममध्ये ड्यूटेरियम किती ठासून भरता येतो, तापलेल्या भांड्यातली उष्णता किती बिनचूक मोजता येते, याचं ज्ञान वाढलं. त्या गटातले कर्टिस बर्लिंगेट यांनी व्हँकुव्हरमध्ये काम चालू ठेवलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी छापलेल्या प्रयोगात पॅलेडियमच्या पत्र्यावर एका बाजूने ड्यूटेरियमचे वेगवान आयन (विद्युतभार असलेले अणू) आदळतात, दुसऱ्या बाजूने जुन्या युटा पद्धतीने विजेच्या जोरावर ड्यूटेरियम भरला जातो. ही भर घातल्यावर संमीलनाचा वेग सरासरी 15 टक्क्यांनी वाढला. संमीलन तिथे आयनांच्या धडकेमुळे होतं, त्यामुळे याला कोल्ड फ्यूजन म्हणता येत नाही, आणि वीज घालावी लागते त्यापुढे निघणारी ऊर्जा नगण्य आहे. यावेळी दावा जादा उष्णतेवर टेकवलेला नाही. त्यांनी न्यूट्रॉन मोजले.